विश्लेषण : प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ हंगामात कोणते संघ अडचणीत?

इंग्लंडमधील प्रीमियर लीगचा २०२५-२६ हंगाम १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला. २० पैकी तळाचे तीन संघ दुसऱ्या श्रेणीत जातात आणि प्रक्षेपण हक्कांचे मोठे उत्पन्न गमावतात. ते तीन संघ आधीच ओळखता येतात का?

नव्या संघांना धोका किती?

बढती मिळालेले तिन्ही संघ लगेच खाली जाण्याचा प्रकार सलग दोन हंगाम घडला. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन गेले. साउदॅम्प्टनला ३८ सामन्यांत अवघे १२ गुण मिळाले. २०२५-२६ साठी लीड्स, बर्नली आणि संडरलंड आले. लीड्स व बर्नलीने दुसऱ्या श्रेणीत प्रत्येकी १०० गुण मिळवले, पण त्यावर विसंबता येत नाही. याच बर्नलीने २०२२-२३ मध्ये तेथे १०१ गुण कमावले होते. पुढच्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये त्यांना २४ गुणच मिळाले.

जुन्यांपैकी कोण?

टॉटनहॅम ३८ गुणांसह १७ वा राहिला. मात्र त्याने ६४ गोल केले आणि त्याच्यावर ६५ झाले. म्हणजे संघ दिसतो तितका दुबळा नाही. वुल्व्हजचे गुण ४२, पण ५४ गोल करून त्यांनी ६९ स्वीकारले. त्या ५४ पैकी १५ गोल करणारा मॅथ्यूस कुन्या आता मँचेस्टर युनायटेडकडे गेला आहे. त्यामुळे खरी काळजी वुल्व्हजची आहे.

२०२४-२५ हंगामात टिकण्यासाठी २६ गुणही पुरेसे होते. नव्यांपैकी एक जरी तगला, तर कुणीतरी जुना संघ बुडेल.