लेकीच्या गावचे विमान

मैत्रिणींनो, लेक परदेशी असली की एक ना एक दिवस बोलावणे येतेच. बहुधा बाळंतपणाला. मग तिकीट हातात पडते आणि त्यावरच्या वेळा वाचून डोकं गरगरतं! समजा, मुंबईहून रात्री दीडला निघालेले थेट विमान न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी सातला पोचते. म्हणजे साडेपाच तासच? छे! निघण्याची वेळ इथल्या घड्याळाची, पोचण्याची तिथल्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. तेव्हा साडेपाचात साडेदहा मिळवा. खरा प्रवास १६ तासांचा. परतताना हेच तास वजा करायचे, इतकंच.

येतानाचा प्रवास मात्र तास-दोन तासांनी कमी भरतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी.

अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघाच. वर्गात मुलींना वाटतं, तो अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाईल. तो चढतो उत्तरेला! फिनलंड, नॉर्वे, आइसलंड आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक. सगळ्यांत जवळची वाट तीच. विमान मात्र अगदी दोऱ्यावरून जात नाही. वारे पाहावे लागतात, कुणाचे आकाश उघडे आहे तेही पाहावे लागते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना वळसा घालून वाटेत इंधनासाठी उतरावे लागले.

आता खरी मेख ऐका. तिकिटावर १५ तारीख, रात्री दीड, असे असेल तर घर कधी सोडायचे? १४ ला! आमच्या ओळखीच्या एक काकू १५ ला संध्याकाळी बॅगा घेऊन निघायच्या बेतात होत्या. सुनेने तिकीट आदल्या दिवशी पुन्हा वाचले म्हणून बरं. नाहीतर लेक तिथे दिवस भरलेली आणि आई सांगलीच्या स्टँडवर. विमानतळावर तीन तास आधी हजर, त्याआधी सांगली-मुंबईचा रस्ता, म्हणजे १४ ला सकाळचे जेवण उरकून लगेच निघालेले बरे.

आणि मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या? ‘सकाळची गोळी’ म्हणजे कुठली सकाळ, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. सोळा तास पाय लोंबकळत बसू नका; पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. जागेपणी तासा-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या मारा, पाणी प्या. खुर्ची मधल्या वाटेलगतची मागून घ्या, म्हणजे शेजाऱ्याला उठवायचा संकोच नाही. खिडकीतून तसंही रात्री काय दिसणार!