वजनकाट्याची पावती आणि उलटं पडलेलं कासव

परवा संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्यावर चढाला एक बैल बसला. टायरगाडीत ऊस शिगोशीग भरलेला. मानेवर जू तसंच, तोंडाला फेस आणि गाडीवान शेपूट पिरगाळतोय. भोवती दहा-पंधरा जण मोबाईल काढून उभे. त्यात मीही होतो. आधी फोटो घेतला, मग व्हिडिओ. जू सोडायला पुढे धावला तो शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला पोरगा.

रात्री झोप लागेना. मला सायन्स फिक्शन पिक्चरचा जुना नाद आहे. मारधाडीचे नाहीत, डोक्याला काम देणारे. मित्र चेष्टा करतात, करू देत. तर त्या रात्री १९८२ चा 'ब्लेड रनर' आठवला. त्यात २०१९ सालचं लॉस एंजेलिस दाखवलंय. हुबेहूब माणसासारखी दिसणारी कृत्रिम माणसं ओळखायला तिथं एक परीक्षा घेतात. तिच्यातले बरेच प्रश्न प्राण्यांवरचे. वाळवंटात एक कासव आहे, तुम्हीच त्याला उलटं केलंय. ते उन्हात भाजतंय, पाय झाडतंय, पण तुम्ही मदत करत नाही. का? उत्तर देणाऱ्याच्या डोळ्याकडे यंत्र रोखलेलं असतं. आत काही हललं तरच तो माणूस.

२०१९ येऊन गेलं. परवा माझी ती परीक्षा झाली आणि मी नापास झालो.

आता गाडीवानाला शिव्या घालणं सोपं आहे. पण तो ऊसतोड मजूर. अंगावर उचल आहे, ती फेडायची तर प्रत्येक खेपेला जास्तीत जास्त ऊस न्यावा लागतो. बैल मेला तर सगळ्यात आधी तोच बुडणार. मग कासवाला उलटं कोणी केलं?

कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! ओझ्याच्या जनावरांवर किती भार टाकायचा याचे नियमही १९६५ पासून आहेत. आणि गंमत बघा, कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन होतं, पावती निघते. म्हणजे कुठल्या बैलजोडीनं किती ओढलं, हे रोज कागदावर येतं. ते कोणी बघत नाही, एवढंच.

माझं म्हणणं साधं आहे. काट्यावर बैलगाडीची मर्यादा लिहून लावा आणि पाळा. मजुराचं त्यात नुकसान होऊ नये म्हणून तोडणी-वाहतुकीचा दर वाढवा. चढाच्या तोंडाशी पाण्याचा हौद बांधा. पोळ्याला शिंगं रंगवून पुरणपोळी भरवणाऱ्या गावाला एवढं जड जाऊ नये.

तो व्हिडिओ मी टाकलेला नाही, टाकणारही नाही. मात्र काट्यावरच्या पावत्या मागायला सोमवारी कारखान्यावर जातोय. कोणाला यायचं असेल तर सकाळी दहाला स्टँडवर भेटा.