झाडाला खबर असते, गावाला का नसावी?

डिसेंबर उजाडला की वरूडचा बागायतदार आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळी फुलोऱ्यासाठी, संत्र्याचं ओलित थांबवून झाडांना ताण देतो. पानं मलूल होतात आणि पुन्हा पाणी सोडलं की नवतीसोबत फुलं फुटतात. मधल्या दिवसांत मुळांकडून वर येणारा ओघ घटतो, तसं झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढतं. हा निरोप मिळताच पानावरच्या सूक्ष्म रंध्रांच्या रक्षक पेशी पोटॅशियम बाहेर टाकतात, सैल पडतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि अन्न तयार होणं मंदावतं. साठ्याची खबर मिळाली की खर्च करणारं पान स्वतःची कमाई घटवून हात आखडतं. पेशींचं सहकार्य चांगुलपणावर नव्हे, या खबरीवर उभं आहे.

त्याच बागेखालच्या पाण्याचा कारभार नेमका उलटा चालतो. भूजलाच्या अतिउपशासाठी वरूड तालुका अनेक वर्षं ओळखला जातो. एकाची विहीर आटली की तो बोअर घेतो, शेजारी त्याहून खोल जातो. प्रत्येकाचा हिशेब आपल्या बांधापुरता बरोबर असतो, खालचं पाणी मात्र बांध जुमानत नाही. पाणी मुरवण्यासाठी गावागावांत रंगलेल्या २०१६च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव आणि अंबाजोगाईसोबत वरूड तालुका होता. श्रमदानाला गावं एकत्र येतात, हे तेव्हा दिसलं. पण पाणी मुरवायला जमणं सोपं, उपसताना थांबणं कठीण. राज्याचा २००९चा भूजल कायदा २०१४पासून लागू आहे. ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना तो आवर घालू पाहतो. मात्र आपल्या शिवारात किती पाणी उरलं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला बंदी हा केवळ जाच वाटतो.

कुणी म्हणेल, पेशी एकाच बीजातून वाढलेल्या, त्यांना कसला स्वार्थ? शेतकऱ्याच्या डोक्यावर पीककर्ज असतं. आक्षेप रास्त आहे, पण संत्र्याचं कलमच त्याला उत्तर देतं. खाली जंबेरीचा खुंट, वर नागपुरी संत्र्याचा डोळा. डोळा बांधल्यावर जखमेत दोन्हीकडच्या पेशी वाढतात, पाण्याच्या आणि अन्नाच्या वाहिन्या जुळतात. जंबेरी जंबेरीच राहते, संत्रा संत्राच; तरी मुळं पाणी देतात, पानं अन्न. एकत्र नांदायला एका कुळाचं असावं लागत नाही, देवाणघेवाण चालू राहावी लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाणी कमी पडलं की झाड कोवळी फळं गाळतं, मग गावानं कुणाला गाळायचं? कुणालाच नाही. दोन एकरवाल्याचा पंप आधी बंद पाडणारी शिस्त म्हणजे सहकार्य नव्हे. झाडाकडून खबर देण्याची रीत घ्यावी, बळी देण्याची नाही.

अशी रीत चालवणारं हिवरेबाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं आणि तिथं शेतीसाठी बोअर घेत नाहीत. संत्रा वर्षावर्षाला बदलता येत नाही, हे खरं. पण बहार निवडता येतो. आंबियाची फळं ऐन उन्हाळ्यात, पाणी कमी असताना झाडावर असतात, मृग बहाराची फुलं पावसाच्या तोंडावर येतात. म्हणून पावसाळा सरला की निरीक्षण विहिरींची पातळी ग्रामसभेत वाचली जावी आणि आंबिया किती एकरांवर धरायचा हे ताण देण्याआधी ठरावं. कपात मोठ्या बागांपासून सुरू व्हावी आणि लहान बागायतदाराच्या झाडांना जगण्यापुरतं पाणी आधी राखून ठेवावं.