पायांखालचा आरसा

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो, आणि तळमजल्याला कोणती फरशी घालावी हे मात्र ज्याला ती विकायची असते त्यालाच विचारतो. मग दुकानदार छातीवर हात ठेवून एकच शब्द उच्चारतो, "टिकाऊ!" माझं भांडण त्या शब्दाशी आहे. फरशी टिकेल हो, तिच्यावरून चालणाऱ्या माणसांचं काय?

हल्ली घरोघर पसरलेल्या त्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सच्या कणखरपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माती, सिलिका आणि फेल्डस्पार दाबून १२०० अंशांच्या आसपास भाजून काढल्यावर कोणीही कणखर होईल! त्यांच्यावर डाग राहत नाही, ओरखडा सहसा उमटत नाही आणि पाणी तर त्या पीतच नाहीत. म्हणजेच सांडलेलं पाणी वरच्या वर तसंच राहतं. ते पाणी कुठलं आणि फरशीची चकाकी कुठली, हे माणूस आडवा झाल्यावरच कळतं.

आणि तळमजला म्हणजे काय? घराचा उंबरठा ओलांडून जे जे आत येतं, ते आधी तिथं येतं. जुलैतल्या गळक्या छत्र्या, शाळेतून आलेले चिखलाचे पाय, अंगणातली वाळू. शिवाय जिना चढवत नाही म्हणून आजी-आजोबांची खोलीही तिथंच. म्हणजे घरातली सर्वांत ठिसूळ हाडं आणि सर्वांत गुळगुळीत फरशी यांची सोयरीक आपण पैसे मोजून जुळवतो. सत्तरीतल्या बाईचा खुबा मोडतो, तेव्हा त्या टाइलचा टवकाही उडत नाही. ती टिकते. बाई अंथरुणाला खिळते. याला टिकाऊपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा!

आमच्या साडूंनी बंगला बांधला आणि दिवाणखान्यात पांढऱ्याशुभ्र टाइल्स घातल्या. "आरसा आहे आरसा!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. आरसा भिंतीला लावतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. सासूबाई मात्र भिंतीचा आधार घेत घेत सोफ्यापर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, घर छान आहे हो. फक्त चालायला जागा नाही."

आता माझा उमेदवार सांगतो. शहाबादी! नाव काढलं की लोक नाक मुरडतात. "छे, घर रेल्वेच्या फलाटासारखं दिसेल!" दिसू दे की. फलाटावरून रोज हजारो माणसं ट्रंका घेऊन धावतात, हे फरशीच्या बाजूचं प्रशस्तिपत्रक आहे. सोलापूर ओलांडून वाडी जंक्शनच्या अलीकडे लागणाऱ्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड ५० कोटींहून अधिक वर्षांचा आहे, आणि तेवढ्या काळात त्यानं 'डिझाइन' बदललेलं नाही. टाइलचं तसं नाही. चार वर्षांनी एक फुटली, की दुकानदार म्हणतो, "साहेब, तो माल बंद झाला." मग एका टाइलपायी अख्खी खोली उखडा! शहाबादीचा एक तुकडा तडकला तर तेवढाच काढा, दुसरा बसवा. उन्नीस-बीस रंग जुळला तरी कोणाची मान खाली जात नाही.

शहाबादीत खोड नाही असं नाही. लिंबू, चिंच आणि संडास धुण्याचं ॲसिड तिला सोसत नाही. पण संगमरवर तरी त्याच कुळातला! त्याला बिचाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही, कारण तो महाग असतो. घोटून घोटून आरसा केला तर शहाबादीही घसरते. म्हणून तिला घासा, पण नटवू नका.

काही शौकीन मंडळी तळमजल्याला लॅमिनेटची 'लाकडी' जमीन घालतात. ज्या घरात रोज बादलीभर पाण्यानं फरशी पुसतात, तिथं हे लाकूड फुगणार नाही तर काय? आणि जमिनीतली ओल वर चढत असेल, तर फरशी बदलून ती जात नाही. ती जोत्यातच अडवावी लागते. पण जोतं पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून आपण तिथं काटकसर करतो आणि तो पैसा चकाकीवर उधळतो.

तरीही टाइलच हवी असेल तर घ्या बापडे, पण खरखरीत घ्या. काही टाइल्सच्या माहितीपत्रकात 'आर ९' ते 'आर १३' असा आकडा असतो. तो जितका मोठा, तितकी पायाला पकड जास्त. आकडा सापडला नाही, तर दुकानात तांब्याभर पाणी मागा. प्यायला नव्हे. ते नमुन्याच्या टाइलवर ओता, चपला काढा आणि चालायला लागा. दुकानदार "सांभाळून हं, साहेब!" असं ओरडला, की तडक दुसरा नमुना मागा.