तीन आठे चोवीस, आठ त्रिक चोवीस

दिवाळीनंतरची गोष्ट. नातवाची एक वही टेबलावर उघडी पडली होती. उघडी वही दिसली की तपासायची, ही आमची नोकरीतली खोड अजून गेलेली नाही. लाल पेन तेवढं हातात घेतलं नाही!

वही व्यायामाची निघाली. दर सोमवारी आणि गुरुवारी एकच ओळ: बेंच प्रेस, ७० किलो, ८, ६, ५. अकरा आठवडे तीच ओळ, तेच आकडे. शेवटी शेवटी पेन इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर उमटलं होतं.

आमच्या वयाच्या नातेवाइकांसाठी सांगते. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं झोपायचं, वजनाच्या चकत्या अडकवलेला लोखंडी दांडा छातीपर्यंत खाली आणायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. न थांबता जितक्या वेळा ढकलाल तो एक सेट. नातवाचा बेत आठ-आठचे तीन सेट करायचा. पहिल्यांदा आठ जमायचे, पुढे दम संपायचा.

"आजी, अडकलोय गं," तो म्हणाला. "जिममधला एकजण म्हणतो, एक कोर्स करून टाक."

कोर्स म्हणजे अभ्यासक्रम असेल असं मला वाटलं. तो इंजेक्शनांचा निघाला. पोरगं बावीस वर्षांचं. बाहेरून हार्मोन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, हृदयावर ताण येतो तो वेगळाच. त्या रात्री मला झोप नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. वजन अडकलं की आधी वहीतला हिशेब बदलावा. बाकी सगळं नंतर, आणि इंजेक्शन कधीच नाही. शाळेत हे फार पाहिलंय. मुलाचे गुण साठावर थांबले की पालक क्लास बदलतात, गाइडं आणतात, मुलाला धाक घालतात. तो अभ्यास कसा करतो ते कुणी बघत नाही. बरेचदा तो रोज जुनी प्रश्नपत्रिकाच सोडवत असतो. आमचं चिरंजीवही तेच करत होतं. आठवड्यातून दोनदा परीक्षा, आणि शिकवणी एकदाही नाही.

आणि अडकण्यात लाज कसली? दर आठवड्याला अडीच किलो वाढत गेले असते तर वर्षात १३० किलो वाढले असते. म्हणजे सत्तरचे दोनशे! असं कुणाचं होतं?

मग नातवाने शोधून दिलेलं काहीबाही मी शब्दकोश जवळ घेऊन वाचलं. सेटचं हे शास्त्र एका दवाखान्यातून आलंय. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे बरे करताना शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म या डॉक्टरांनी हलका व्यायाम पुष्कळ वेळा करण्याऐवजी जड वजन मोजून द्यायला सुरुवात केली. १९४५ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. सुरुवातीला ते दहा-दहाचे सात किंवा त्याहून जास्त सेट करून घेत. १९४८ पर्यंत तीनच ठेवले: पहिला अर्ध्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. स्वतःचीच पद्धत त्यांनी तीन वर्षांत बदलली, हे मला फार आवडलं.

पुढे १९६२ मध्ये रिचर्ड बर्जर यांनी कॉलेजच्या मुलांना बारा आठवडे हाच बेंच प्रेस करायला लावला. कुणाला एक सेट, कुणाला दोन, कुणाला तीन. कुणी दोनदा ढकलायचं, कुणी सहादा, कुणी दहादा. सहा-सहाचे तीन सेट करणारे पुढे गेले. पण ते बारा आठवड्यांपुरतं. तेराव्या आठवड्यापासून अडकलेल्याने काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

आता आपला हिशेब. आठ, सहा, पाच मिळून १९. सत्तरने गुणलं की १३३० किलो. त्यातले शेवटचे दोन-तीन ढकलताना पाठ वाकडी, कोपर भलतीकडे. तेच तीन-तीनचे आठ सेट केले, मधे दीड-दोन मिनिटं विसावा घेतला, तर होतात २४, म्हणजे १६८० किलो. साडेतीनशे किलो जास्त, आणि एकही वेळा दांडा छातीवर अडकायची भीती नाही. (तरी डोक्याशी धरायला माणूस हवाच. एकट्याने हा प्रकार करू नये.) तीन आठे चोवीस आणि आठ त्रिक चोवीस, पाढ्यात उत्तर एकच. अंगाला मात्र फरक कळतो.

दुसरी अडचण चकत्यांची. जिममधली सगळ्यात लहान चकती अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढणार. सत्तरवर पाच म्हणजे शेकडा सात. चौथीतल्या पोराला सातवीत बसवायचं आणि नापास झाला म्हणून रागवायचं! मी त्याला सव्वा किलोच्या दोन चकत्या घेऊन दिल्या. त्या तो डब्याच्या पिशवीतून नेतो. त्याच्या आईला वाटलं, मी हे असलं काही डोक्यात भरवायला नको. तिला म्हटलं, हे नाही भरवलं तर दुसरं कुणीतरी भरवतंय.

वजनही आधी उतरवलं. पहिल्या आठवड्यात ६५, मग ६७.५, मग ७०, सगळे तीन-तीनचे आठ. वजन कमी करायला तो तयारच होईना. जिममध्ये लोक बघतात म्हणे. चौथा आठवडा निम्म्या सेटचा, विश्रांतीचा. रात्री एकपर्यंत मोबाइल बघणं बंद करायला सांगितलं होतं. ते साडेबारापर्यंत आलं. असो.

संक्रांतीच्या आठवड्यातली ओळ: ७२.५ किलो, ८, ७, ६. अडीचच किलो. पुन्हा अडकणार हे तोही जाणतो. तेव्हा कदाचित पाच-पाचचे पाच करील, किंवा एक दिवस जड आणि एक दिवस हलका ठेवील. तीनाचे आठही अंगवळणी पडलं की उपयोगाचं राहत नाही.

परवा सहज विचारलं, "तो कोर्सवाला मुलगा काय म्हणतो रे?"

"तो हल्ली येत नाही, आजी."

का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.