शस्त्रकर्मगृहातील वस्त्रे : सोय आणि संरक्षण

वैद्याची नखे व केस कापलेले असावेत, त्याने शुचिर्भूत राहून शुभ्र वस्त्र परिधान करावे, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. आपल्या संमेलनांतून त्याचा उल्लेख अभिमानाने होतो. तथापि धुतलेला, ऑटोक्लेव्ह केलेला सुती गाऊन म्हणजे संरक्षण, ही आपली समजूत तपासून घेणे आवश्यक आहे.

कोरडा आहे तोवर सुती गाऊन ठीक. रक्ताने वा सलाइनने तो भिजला, की विणीतून द्रव पाझरतो आणि जंतूही दोन्ही बाजूंनी ये-जा करू लागतात. बेक व कॉलेट यांनी १९५२ सालीच याकडे लक्ष वेधले होते. काही वर्षांपूर्वी पायलोनिडल सायनसचे छेदन आटोपून गाऊन उतरविला, तेव्हा माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत रक्त होते. त्या रुग्णाचा हिपॅटायटिस-बीचा अहवाल यावयाचा होता. तो येईपर्यंतचे दोन दिवस मी विसरलेलो नाही.

यावर प्लॅस्टिकचा अंगभर गाऊन हा उपाय नव्हे. २०२० सालच्या साथीत त्या किटमध्ये घामाने निथळत आपण काम केले आहे. स्वेदाचे बाष्पीभवन थांबले की ग्लानी येते, चित्त विचलित होते. अशा वेळी हातात शस्त्र असणे रुग्णाच्याही हिताचे नाही.

वस्तुतः द्रवरोधकता मुख्यतः गाऊनच्या पुढील भागास व बाह्यांस हवी. पाठ हवेशीर असली तरी चालते. किरकोळ क्षारसूत्र बदलण्यास साधा गाऊन पुरतो, रक्तस्राव वा प्रक्षालन अधिक असेल तेथे नाही. अमेरिकेतील २००३ च्या मानकात याच विचाराने चार स्तर ठरविले आहेत.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, की ग्राहकाला केवळ ‘इतके जीएसएम’ सांगू नये. जीएसएम हे कापडाचे वजन झाले. ते पाणी किती अडविते, हे उत्पादकाकडून लेखी मागवावे.

आणि रक्ताळलेली वस्त्रे गोळा करणाऱ्या मावशींचे काय? बहुतेक ठिकाणी त्यांच्या अंगावर साडीच असते, फार तर वर एक जुना ॲप्रन. २०२० च्या अधिसूचनेने शल्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात ३९ शस्त्रकर्मे नमूद झाली, त्यावर आपण पुष्कळ भांडलो. मावशींच्या द्रवरोधक ॲप्रनचा व जाड हातमोज्यांचा विषय मात्र आपल्या एकाही बैठकीत निघाल्याचे मला स्मरत नाही.