रांगेतले सोवळे

अमेरिकेत कायद्याने गेलेले आमचे देशबंधू तेथे विनापरवाना शिरलेल्या आमच्याच देशबंधूंविषयी काय बोलतात, हे ज्यांस ऐकावयाचे असेल त्यांनी सुट्टीवर आलेल्या कोणत्याही अभियंत्यापाशी दहा मिनिटे बसावे. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने 104 भारतीयांस हातकड्या व पायबेड्या घालून अमृतसरला आणून उतरविले. त्यांत बहुतेक पंजाब, हरियाणा व गुजरातचे, महाराष्ट्रातील तिघे. या प्रकारावर आमच्या तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा, जो तिकडे संगणकाची नोकरी करतो, आम्हांस म्हणाला, "गुरुजी, झाले ते बरेच झाले. आम्ही बारा वर्षे रांगेत उभे आहोत. हे कुंपण ओलांडून येतात आणि नाव आमचे खराब होते." मुलगा गुणी आहे. बापाने हळदीचे रान गहाण टाकून त्यास शिकविले. म्हणूनच त्याचे म्हणणे हसण्यावारी न नेता तपासून पाहिले पाहिजे.

त्याच्या तक्रारीत खोटे काही नाही. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचे सुमारे 1 लाख 40 हजार परवाने वर्षाला निघतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतील 7 टक्क्यांहून अधिक सहसा येत नाहीत. आइसलंड आणि हिंदुस्थान एकाच मापाने मोजले जातात! त्यामुळे भारतीयांची रांग पिढीभर लांबली आहे. आईबापांबरोबर लहानपणी गेलेले मूल 21 वर्षांचे झाले की बापाच्या अर्जातून त्याचे नाव गळते. इतके सोसणाऱ्याच्या मनात कडवटपणा येणारच.

पण ही रांग लांबविली कोणी? कुंपण ओलांडणाऱ्या जाट पोराने नव्हे. त्याला बेड्या घालून परत पाठविल्याने आमच्या अभियंत्याचा नंबर एका पावलाने पुढे सरकत नाही, कारण दोघांची वहीच वेगळी. आणि रांगेत शिरावयास तरी काय लागते? दरसालचे 85 हजार नोकरीचे परवाने अर्ज जास्त झाले म्हणजे सोडत काढून देतात. एकाच वर्गातले, सारख्या गुणांचे दोन मित्र. एकाची चिठ्ठी निघते, दुसऱ्याची निघत नाही. ज्याची निघाली तो ती आपली पुण्याई समजतो. ऊसतोड करणाऱ्याला किंवा शेतमजुराला तर तेथे कायमचे राहावयास जाण्याची वाट जवळजवळ नाहीच. ज्याला रांगच नाही त्याला 'रांग मोडली' म्हणून हिणविणे हे आम्हांस विहिरीवर बंदी घालून वर 'अस्वच्छ' म्हणणाऱ्यांच्या जातीचे वाटते.

जातीचा उल्लेख उगाच केला नाही. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ 1913 साली अमेरिकेस गेले, तेथील सैन्यात राहिले आणि नागरिकत्वासाठी भांडले. त्या काळी गोऱ्यासच ते मिळे. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? आम्ही सर्व माणसे सारखी, हा नव्हे. तर आम्ही उच्चवर्णीय आर्य आहोत, खालच्यांशी बेटीव्यवहार करीत नाही, सबब आम्ही गोरेच! त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नावावरून वाचकांस काय ते कळेल. 19 फेब्रुवारी 1923 रोजी वरिष्ठ कोर्टाने सांगितले की सामान्य अमेरिकन माणूस तुम्हांस गोरा समजत नाही. आमच्या जिल्ह्यात औंढ्यास नामदेवांना देवळापुढून उठविले तेव्हा देऊळच फिरले, अशी कथा पोराटोरांस ठाऊक आहे. वॉशिंग्टनचे कोर्ट फिरणारे नव्हते. आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचेही ते काढून घेण्यात आले. वैष्णो दास बगाई हे सॅनफ्रान्सिस्कोत कायद्याने राहून दुकान चालविणारे. त्यांचेही गेले, आणि 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

पुढे 1946 साली भारतीयांस दार उघडले ते वर्षाला 100 माणसांपुरते. खरे दार 1965 च्या कायद्याने उघडले, आणि तो कायदा झाला तो निग्रो बांधवांनी मार खाऊन, तुरुंग भोगून समतेचा लढा उभारला त्या हवेत. मधल्या काळात पंजाबी शेतकरी मेक्सिकोतून चोरून शिरत होते, बंगाली खलाशी न्यूयॉर्क बंदरात जहाजावरून उतरून नाहीसे होत होते. आजचे कायदेशीर बंधू ज्या वाटेने विमानातून उतरतात ती अशांनी मळलेली आहे. आपण केवळ पदवीच्या जोरावर आलो असे म्हणणाऱ्याने 1964 साली कोणती पदवी कमी पडत होती ते सांगावे.

आणि सरकार तरी हे सोवळे मानते काय? 20 जानेवारी 2025 च्या अध्यक्षीय हुकुमाने जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारले ते चोरून आलेल्यांच्याच मुलांना नव्हे. तात्पुरत्या परवान्यावर कायद्याने राहणाऱ्यांच्या मुलांनाही त्याच ओळीत बसविले. कोर्टांनी त्या वर्षी तो रोखला, ही गोष्ट निराळी. त्याच सालच्या सप्टेंबरात नव्या नोकरी-परवान्यावर 1 लाख डॉलर भरण्याचे फर्मान निघाले. बेड्यांना टाळ्या वाजविणाऱ्यांनी आपल्या मनगटाकडे एकदा पाहावयास हवे होते.

मराठवाड्याच्या माणसाला तर हे शिकवावे लागू नये. निजामाच्या राज्यात 1919 च्या फर्मानाने पंधरा वर्षे राहिलेला तो मुलकी, बाकीचे गैरमुलकी. 1948 च्या धामधुमीत रझाकारांच्या भयाने पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलेले आमचे वाडवडील काही परवाना काढून गेले नव्हते. आजही निजामकाळच्या दप्तरात एकाच्या पणजोबापुढे 'कुणबी' सापडते, शेजारच्या धुऱ्यावरील माणसाच्या पणजोबापुढे सापडत नाही. नांगर मात्र दोघांचा एकच. कागद असणे हे नशीब आहे, आणि नशिबाची घमेंड आपल्या लोकांनी करू नये.

याचा अर्थ कोणीही कोठेही शिरावे असा नाही. देशाला आपली वेस राखण्याचा हक्क आहे. परंतु दोष ठेवावयाचा तर दलालांवर ठेवा. जानेवारी 2022 मध्ये गुजरातेतील डिंगुचा गावचे चार जणांचे कुटुंब, त्यांत दोन लेकरे, कॅनडाच्या सरहद्दीवर बर्फात गोठून मेले. त्या प्रकरणी मिनेसोटात नोव्हेंबर 2024 मध्ये दोघे दोषी ठरले. तिकडील मराठी बंधूंची 1981 पासूनची बृहन्महाराष्ट्र मंडळासारखी संस्था आहे, अधिवेशने थाटात होतात. त्यांनी नाट्यसंगीताबरोबर दोन ठराव करावेत: 7 टक्क्यांची अट उठवावी, आणि परत पाठवावयाच्या माणसाला, तो गुन्हेगार नसेल तर, बेड्या घालू नयेत. पहिला ठराव ते आनंदाने करतील. दुसऱ्यावर किती हात वर होतात तेवढे आम्हांस पाहावयाचे आहे.

आणि येथे, हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा या पाचही तालुक्यांत परदेशी पाठविण्याच्या गोष्टी करणारे कोणी आले, तर ग्रामसभेत त्यांस एकच विचारावे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाची 1983 च्या कायद्याप्रमाणे परराष्ट्र खात्याकडे नोंदणी लागते. तो नंबर दाखवा. नंबर विचारताच जो चहा मागवून विषय बदलतो, त्याला चहा येण्यापूर्वीच वेशीबाहेर पोहोचवावे.